ग्रहणांची साखळी आणि उरलेले तास

फळ्यावर चार तारखा आहेत: ३ ऑक्टोबर १९८६, १४ ऑक्टोबर २००४, २५ ऑक्टोबर २०२२ आणि ४ नोव्हेंबर २०४०. चारही सूर्यग्रहणांच्या, आणि चारही एकाच साखळीतल्या. या साखळीला सॅरोस म्हणतात. ही त्यातली १२४ क्रमांकाची. दोन कड्यांमधलं अंतर १८ वर्षं ११ दिवस. शेवटच्या तारखेत मात्र १० दिवसच वाढलेत, कारण मधल्या काळात २९ फेब्रुवारी पाचदा येतो. हाताने हिशेब करणारे नेमके इथेच चुकतात. म्हणून ६५८५ दिवस आणि वरचे आठेक तास मोजावेत, वर्षं मोजू नयेत.

पण ६५८५च का? चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. दोन्ही जिथे छेदतात ते पातबिंदू, म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. अमावास्येला सूर्य पातापासून साधारण १५ अंशांच्या आत असेल तर ग्रहण होतंच. १८ अंशांपर्यंत होऊ शकतं. पाताच्या अलीकडचा-पलीकडचा हा पट्टा ओलांडायला सूर्याला महिन्याहून जास्त दिवस लागतात आणि अमावास्या तर २९.५३ दिवसांनी येते. त्यामुळे त्या मुदतीत एक ग्रहण चुकत नाही, क्वचित दोन होतात. दोन झाली की दोन्ही पट्ट्याच्या कडांना पडतात, म्हणून खंडग्रास. २०११मध्ये १ जून आणि १ जुलैला हेच झालं.

आता तीन घड्याळं बघा. अमावास्या ते अमावास्या २९.५३०६ दिवस. राहूपासून निघून पुन्हा राहूपाशी यायला चंद्राला २७.२१२२ दिवस. पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूपासून पुन्हा तिथे यायला २७.५५४६ दिवस. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही पहिल्या प्रकारचे २२३ महिने म्हणजे ६५८५.३२ दिवस, दुसऱ्याचे २४२ म्हणजे ६५८५.३६ आणि तिसऱ्याचे २३९ म्हणजे ६५८५.५४. हा निव्वळ योगायोग आहे, पण फार उपयोगाचा. चंद्र जवळपास त्याच जागी, तितक्याच अंतरावर आणि वर्षाच्या जवळपास त्याच दिवसांत परत येतो, म्हणून ग्रहणाचा तोंडवळाही जुळतो.

जुळतो, पण तंतोतंत नाही. खरी गंमत या शिलकीत आहे.

पहिली शिल्लक ०.३२ दिवसाची, म्हणजे जवळजवळ आठ तास. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते आणि पुढचं ग्रहण सुमारे १२० अंश पश्चिमेला सरकतं. एका ठिकाणी ग्रहण दिसलं म्हणून त्यात १८ वर्षं ११ दिवस मिळवून तिथेच वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा काही येत नाही; ग्रहण होतं, पण भलतीकडे. अशी तीन अंतरं झाली की आठ-आठ तासांचा मिळून एक दिवस भरतो आणि सुमारे ५४ वर्षं एक महिन्याने ग्रहण जवळपास त्याच रेखांशांवर परततं. अक्षांश मात्र तोवर बदललेला असतो.

तो बदलतो दुसऱ्या शिलकीमुळे. २२३ अमावास्या आणि २४२ राहूफेऱ्या यांत ५२ मिनिटांचा फरक राहतो. दर खेपेस अमावास्या पाताच्या संदर्भात जवळजवळ अर्धा अंश मागे सरकते आणि सावलीचा मार्ग काहीशे किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला ढळतो. आपल्या साखळीत तो उत्तरेला ढळतो. १९८६मध्ये सावलीचा अक्ष, म्हणजे तिची मधली रेषा, पृथ्वीच्या कडेला जेमतेम टेकला आणि संकरित ग्रहण झालं, म्हणजे मार्गावर काही ठिकाणी खग्रास, काही ठिकाणी कंकणाकृती. २००४मध्ये तो पृथ्वीच्या कडेपासून सुमारे २२० किलोमीटर बाहेरून गेला, २०२२मध्ये सुमारे ४५० आणि २०४०मध्ये सुमारे ६३० किलोमीटर बाहेरून जाईल. गडद छाया पृथ्वीला चुकते, नुसती विरळ छाया घासून जाते. ग्रासमानही (सूर्याच्या व्यासाचा झाकलेला हिस्सा) उतरत जातं: ०.९३, ०.८६, ०.८१.

ग्रासमान हा आकडा नीट वाचायला हवा. तो व्यासाचा असतो, क्षेत्रफळाचा नव्हे. २०२२मध्ये जास्तीत जास्त ८६ टक्के व्यास झाकला गेला, पण बिंब ८२ टक्केच. सूर्य-चंद्राची बिंबं सारखी धरली, तर अर्धा व्यास झाकला जातो तेव्हा बिंबाचा जेमतेम ३९ टक्के भाग जातो. 'अर्धा सूर्य झाकणार' अशा बातमीत यातलं काय अभिप्रेत आहे ते विचारावं. आणि कितीही भाग झाकला गेला, तरी खंडग्रास ग्रहण प्रमाणित गाळणीशिवाय पाहायचं नाही. दुर्बीण असेल तर गाळणी पुढच्या भिंगावर बसवायची, नेत्रिकेवर नाही. तिथे एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते.

म्हणजे काही खंडग्रास ग्रहणं हे साखळीचं बाळपण असतं, तर काही म्हातारपण. सॅरोस १२४ सुरू झाला १०४९मध्ये, दक्षिण ध्रुवाकडच्या बारीकशा ग्रासाने. एकूण ७३ ग्रहणं, त्यांपैकी २०२२चं ५५वं, शेवटचं २३४७मध्ये. उलट १ जुलै २०११ला अंटार्क्टिकाजवळ ०.१० इतक्याच ग्रासमानाचं ग्रहण झालं, ते सॅरोस १५६चं पहिलं. त्याच्यापुढचं कडं ११ जुलै २०२९ला आहे: तेही दक्षिणेकडेच, तेही खंडग्रास, पण ग्रास दुपटीहून मोठा.