बसची हवा कुठे जाते? काटा पाहून गळती शोधण्याची रीत

नमस्कार. धुळ्यातील एका गॅरेजमध्ये, कन्नड घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्या एका प्रवासी बसशेजारी मी उभा आहे. चालकाच्या दोन तक्रारी आहेत. ब्रेकसाठी टाक्यांत भरलेल्या हवेचा दाब दाखवणारे, रात्री 8 बारवर असलेले दोन्ही काटे सकाळी 5 बारच्या आसपास येऊन थांबतात, आणि दिवसा गाडी चालू असताना एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा डबा, जो टाक्या भरल्या की फुस्स करतो) सारखा फुस्स करतो, म्हणजे कॉम्प्रेसरला उसंतच मिळत नाही. अशा वेळी एकेक व्हॉल्व्ह बदलत सुटण्याची जी सवय आहे, तिच्यात मालकाचा पैसा जातो आणि गळती बहुधा तशीच राहते. हवा कुठून जाते हे शोधण्याआधी ती केव्हा जाते हे ठरवावे.

उन्हाचा वाटा आधी वजा करू. मे महिन्यात टाकीतील हवा संध्याकाळी 45 अंशांवर आणि पहाटे 28 अंशांवर असेल, तर गळती मुळीच नसतानाही 8 बारचे साडेसात होतात. पाच मात्र होत नाहीत.

आता चाचणी. बस सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे, हॅन्डब्रेक सोडावा आणि काटा स्थिरावल्यावर घड्याळ लावावे. अमेरिकेतील अवजड वाहनांच्या परवाना चाचणीत एकट्या वाहनाला ब्रेक न दाबता मिनिटाला 2 पीएसआय (दाबाचे दुसरे माप) आणि ब्रेक दाबून धरल्यावर 3 पीएसआय इतकीच घट चालते. 3 पीएसआय म्हणजे जेमतेम 0.2 बार, डॅशबोर्डच्या काट्यावर एवढा फरक दिसणे कठीण, म्हणून पाच मिनिटे थांबणे बरे. ब्रेक दाबल्यावरच घट वाढत असेल, तर पुढचे-मागचे ब्रेक चेंबर (हवेच्या जोराने ब्रेक लावणारे चाकाजवळचे डबे), त्यांचे होज, म्हणजे रबरी नळ्या, आणि पायाखालच्या ब्रेक व्हॉल्व्हचे खालचे तोंड तपासावे.

या बसमध्ये तसे नाही. मागच्या चाकांच्या ब्रेकला हवा सोडणाऱ्या रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला, म्हणजे हवा बाहेर टाकण्याच्या तोंडाला, मी साबणाचा फेस लावला आहे, नीट पाहा. हॅन्डब्रेक सुटलेला असताना फेस सतत फुगतो आहे. माझ्या सहकाऱ्याने हॅन्डब्रेक लावला आणि बुडबुडे थांबले. इथेच पुष्कळ जण रिले व्हॉल्व्ह बदलतात, पण तो बिचारा निर्दोष आहे. हॅन्डब्रेक सोडल्यावर चेंबरमधल्या स्प्रिंग ब्रेकच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने लागणाऱ्या हॅन्डब्रेकच्या, कप्प्यात हवा भरते, आतले सील झिजले असेल तर ती शेजारच्या सर्व्हिस, म्हणजे पायाच्या ब्रेकच्या, कप्प्यात शिरते आणि सर्व्हिस होजमधून उलट येऊन रिलेच्या तोंडातून बाहेर पडते. कोणत्या चाकाचा चेंबर खराब आहे हे पाहण्यासाठी एकेका बाजूचा सर्व्हिस होज चेंबरपासून सोडून चेंबरच्या तोंडातून हवा येते का ते बघावे. चेंबरचा क्लॅम्प मात्र कोणीही उघडू नये. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते.

दिवसाची तक्रार इथे मिटली. रात्री मात्र हॅन्डब्रेक लावलेला असतो, म्हणजे ही वाट तेव्हा बंद असते. काटे 5 बारवर येऊन थांबतात यातच पुढची खूण आहे: एखाद्या शाखेत गळती झाली, की हवा चार शाखांत वाटणारा संरक्षक व्हॉल्व्ह ठरावीक दाबाला ती शाखा तोडतो आणि ब्रेकपुरती हवा राखतो. म्हणून ब्रेकचा नाद सोडून एअर सस्पेन्शन (बस पेलणारे हवेचे रबरी फुगे), दरवाजा आणि हॉर्नच्या नळ्यांकडे वळायचे. बस सकाळी मागच्या डाव्या अंगाला बसलेली असते असे क्लीनर सांगतो, तेव्हा आधी तोच फुगा पाहू. घडीच्या तळाशी, जिथे धूळ आणि डांबराचे खडे अडकतात, तिथल्या बारीक भेगेतून हवा जाते. फुगा धड निघाला, तर फुग्यातली हवा कमी-जास्त करून बसची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या दांड्याशी आणि तोंडाशी फेस लावावा.

त्यासाठी खाली शिरण्यापूर्वी चासीला भक्कम स्टँड लावले पाहिजेत, कारण फुग्यातली हवा गेली की चासी आणि अॅक्सलमध्ये माणूस मावत नाही. हे स्टँड लावून झाले आहेत. कॅमेरा खाली घेऊ या.