पिंपावरची केशरी पट्टी

ही व्हिएतनाम युद्धातली अमेरिकेची सी-१२३ मालवाहू विमानं. झाडांच्या शेंड्यांवरून जेमतेम दीडशे फुटांवर, एकामागून एक चाललीत. मागे सुटणारा पांढरा फवारा बघा. प्रत्येक विमानात सुमारे ३,८०० लिटरची टाकी. चारेक मिनिटांत ती रिकामी होई आणि खाली सोळा किलोमीटरचा पट्टा भिजलेला असे. काही आठवड्यांत जंगल उघडंबोडकं. लपलेला शत्रू दिसावा, त्याची पिकं बुडावीत, म्हणून अमेरिकेनं १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली.

आता जमिनीवर या. २०८ लिटरचं पिंप, त्यावर केशरी पट्टी. तिच्यावरूनच नाव पडलं ‘एजंट ऑरेंज’. आत दोन औषधं, निम्मी-निम्मी. त्यातलं टू-फोर-डी आपल्याकडे उसातल्या तणावर आजही मारतात. घात केला दुसऱ्यानं, टू-फोर-फाइव्ह-टीनं. ते बनवताना उष्णता जास्त झाली की डायऑक्सिन तयार होतं. हे विष अंगातल्या चरबीत शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही.

आणि हे फक्त विमानातून पडत नव्हतं. छावणीच्या कुंपणालगतचं गवत, नदीचे काठ, सगळीकडे हेच. ट्रकवरून, हेलिकॉप्टरमधून, पाठीवरच्या पंपानं. पंप मारणाऱ्या या अमेरिकी सैनिक पोरांचे हात बघा. माणसाला याचा अपाय नाही, असंच त्यांना सांगितलेलं होतं.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नदीकाठ फवारण्याचा हुकूम अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांचा. तिथल्या एका गस्ती नौकेवर त्यांचा मुलगा अधिकारी होता. १९८८ मध्ये तो कर्करोगानं गेला, वय ४२. हे त्या फवारणीमुळेच झालं, असं वडील उघडपणे मानत. तरी त्या हुकमानं अनेक जवान वाचले, या मतावरही ते ठाम राहिले. मात्र पुढची वर्षं त्यांनी आजारी सैनिकांची बाजू लढवण्यात घालवली.

१९८४ मध्ये हे तणनाशक बनवणाऱ्या कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन सैनिकांचा दावा मिटवला. दोष कबूल केला नाही. १९९१ च्या अमेरिकी कायद्यानंतर कुठे ठरावीक आजारांपुरता, ‘हा फवारणीमुळेच झाला’ याचा पुरावा सैनिकांकडे मागणं थांबलं. ती यादी वाढत गेली: लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), प्रोस्टेटचा कर्करोग, मधुमेह, पार्किन्सन (कंपवात), हृदयविकार. उच्च रक्तदाब तर थेट २०२२ मध्ये. तोवर कितीतरी जण गेले होते.

फवारा ज्यांच्या गावांवर पडला, त्या व्हिएतनामींनीही अमेरिकेत याच कंपन्यांवर दावा लावला. २००५ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला.