आधी रुग्ण, मग फळा

मघाशी चहाच्या वेळी एक सर म्हणाले, "मॅडम, हे पीबीएल म्हणजे मास्तरांनी गप्प बसायचं आणि पगार घ्यायचा, असंच ना?" आम्ही हसलो. पण खरं सांगते, गप्प बसणंच त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पीबीएल म्हणजे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग: आधी रुग्णाची केस, मग मुलांनी गटात बसून तिच्यातून स्वतः शिकायचं. ही पद्धत मुळात कॅनडातली. मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९६९ साली सुरू झाली, पाच-सहा वर्षांत नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टनं उचलली. आपल्याकडे २०१९च्या नव्या एमबीबीएस नियमांनी निव्वळ लेक्चरं एक तृतीयांशाच्या वर जाऊ नयेत म्हटलं, आणि मग आपली धावपळ सुरू झाली.

मी फिजिऑलॉजी शिकवते. अ‍ॅसिटिलकोलीन हे नसांच्या टोकाला सुटणारं, निरोप पुढे पोचवणारं रसायन मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत ओकायची. मग एकदा आठ जणांच्या गटापुढे एक कागद ठेवला. कपाशीवर फवारणी करून आलेला चाळिशीचा शेतमजूर. तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीत माणसं गेली, ते गटातल्या दोघांच्या कानावर घरूनच होतं. तरी पहिली पंधरा मिनिटं 'विषबाधा'च्या पुढे गाडी सरकेना. माझी जीभ नुसती वळवळत होती.

तेवढ्यात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी पुटपुटली, "लाळ आणि मंद नाडी पॅरासिम्पथेटिकची. मग घाम का? घामाच्या ग्रंथींना तर सिम्पथेटिक जाते ना?"

पॅरासिम्पथेटिक आणि सिम्पथेटिक म्हणजे शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांचे दोन गट, बहुधा एकमेकांच्या उलट काम करणारे. बघा, तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी 'अपवाद' म्हणून एका ओळीत सांगून टाकायचे: नस सिम्पथेटिक, पण तिच्या टोकाला सुटतं ते पॅरासिम्पथेटिकसारखं अ‍ॅसिटिलकोलीनच. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात! त्या दिवशी त्यांनी ते पुस्तकातून शोधलं, कीटकनाशकानं अ‍ॅसिटिलकोलीन मोडून टाकणारं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडलं इथवर आले, आणि अ‍ॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा का देतात हे मला विचारावंच लागलं नाही. नंतर मी वीस मिनिटं फळ्यावर बोलले. कुणी जांभई दिली नाही.

म्हणून लेक्चर बंद करा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ते प्रश्नाच्या मागून यावं.

आता तुमची तक्रार, की शिकवणारे पुरत नाहीत. दीडशेची बॅच, आठ-आठचे गट केले तर एकोणीस होतात. विभागात शिकवणारे आपण सहा. म्हणजे एकाच केसला प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार गट. हा आळस नाही, हे गणित आहे, आणि वरून आलेल्या परिपत्रकात ते कुणी मांडलेलं नसतं. मुलांचा पाया कच्चा राहील ही ज्येष्ठ मंडळींची भीतीही खोटी नाही. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांत असंच दिसलं होतं: ही मुलं रुग्णापाशी सरस, पण मूलभूत विषयांच्या परीक्षेत थोडी मागे. आपला पेपर अजून 'टीप लिहा'च विचारतो, तेव्हा मुलांनी "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" विचारलं तर रागवायचं कुणावर?

मी स्वतः वर्षाला चारच केस घेते. बाकी खडू आणि फळा. शेतमजुराचा तो कागद आणलाय, जाताना झेरॉक्स काढून घ्या.