मुक्कामाला छप्पर कुठं मिळतं?

मंडळी, जुलै उजाडला की आपल्या कोल्हापुरात दर दुसऱ्या पोराच्या तोंडी पन्हाळा–पावनखिंड असतं. १२–१३ जुलै १६६० ची ती वाट पावसातच चालायची, हे आता ठरून गेलंय. मोठ्या मोहिमेबरोबर गेलात तर जेवण, तंबू, मुक्काम सगळं आयतं. आज मी बोलतोय ते चौघं-पाचजण आपले आपण निघणाऱ्यांशी. रात्री पाठ टेकायची कुठं?

सह्याद्रीत आडोशाला तोटा नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक आडोसा कुणाच्या तरी ताब्यात आहे. देवळाला गुरव आहे, शाळेला गुरुजी आहेत, धनगरवाड्यावरच्या गोठ्याला मालक आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात बॉथी म्हणून साधी दगडी घरं असतात. कुलूप नाही, नोंदणी नाही, जो येईल त्यानं झोपावं. १९६५ पासून तिथली एक संस्था स्वयंसेवकांकडून शंभरेक बॉथ्यांची डागडुजी करून घेते. आपल्याकडं देवळाचा पत्रा उडाला तर वाडीतली दहा-वीस घरं वर्गणी काढून तो बसवतात. म्हणजे तुम्ही झोपता ते त्यांच्या वर्गणीखाली. म्हणून छपराच्या आधी माणूस गाठायचा, आणि तोही उजेडात.

पावनखिंडीच्या वाटेवर म्हसाई पठार ओलांडलं की पुढं खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. पंचांगात सूर्यास्त सव्वासातचा असेल, पण धुकं आणि झाडी असली की साडेसहालाच पायाखालचं दिसत नाही. साडेपाच वाजले की पुढच्या वाडीत चौकशीला लागा. दुकानात किंवा पोलीस पाटलांच्या घरी जा. आणि 'राहायची सोय होईल का?' असं विचारू नका. तसं विचारलं की घरातली माणसं स्वतःची अंथरुणं गोळा करून तुम्हाला माजघर मोकळं करून देतात आणि आपण पडवीत झोपतात. 'देवळात झोपलं तर चालेल का?' एवढंच विचारा. त्यांनीच घरात बोलावलं तर गोष्ट वेगळी. बरोबर मुली असतील तर बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच पुढं होऊन बोलावतात. जरूर जावं, न्हाणीघराचा प्रश्नही सुटतो.

शाळेचा व्हरांडा चांगला, पण शुक्रवारी रात्री झोपणार असाल तर शनिवारी सकाळची शाळा असते हे ध्यानात ठेवा. तुम्ही घोरत पडलेले आणि पोरं दप्तरं घेऊन भोवती उभी, अशी वेळ येते!

देवळात जागा कशी निवडायची ते नीट सांगतो. आपला पाऊस येतो नैऋत्येकडून, पश्चिमेकडून. बरीचशी देवळं पूर्वेला तोंड करून, त्यामुळं सभामंडपाची उघडी बाजू पावसाला पाठमोरी पडते. तरी वारा फिरला की झड आत येतेच. मग खाली बघायचं. भिंतीच्या बुडाला हिरवं शेवाळ दिसलं तर तिथं पाणी पोचतं. कोपऱ्यातल्या धुळीत कधी नरसाळ्यासारखे बारीक खळगे दिसतात, मुंग्या पकडायला एक किडा ते करतो. ते खळगे शाबूत असले तर तिथं बरेच दिवसांत थेंब पडलेला नाही. त्याच्या शेजारी खुशाल ताडपत्री अंथरा. वर नजर टाका, वटवाघळं असली तर सरका. गाभाऱ्यात पथारी नाही, मटण नाही, बाटली नाही. घंटेच्या साखळीला मोजे वाळत घातलेले मी पाहिलेत, म्हणून हेही सांगतो. बूट सकाळी झटकून घाला, विंचवाला ओल्या रात्री तीच जागा आवडते.

गुहा-लेण्यांचं आकर्षण सगळ्यांना. म्हसाई पठाराच्या कडेला पांडवदऱ्याची लेणी आहेत. उन्हाळ्यात गारवा छान, पण पावसात कातळ पाझरतो आणि मध्यरात्री पाठीखाली ओल येते. त्याहून मोठी भीती आग्यामोहोळाची. कड्याला मोहोळ लटकत असेल तर तिथं थांबूच नका. दुसरीकडंही लेण्याच्या तोंडाशी चूल पेटवू नका. धूर वर गेला आणि माश्या उठल्या की पळायला वाट एकच असते, बाहेर कडा असतो.

गडांवर देवीचं देऊळ हाच जुना आसरा. रांगण्यावर रांगणाईचं, तोरण्यावर मेंगाईचं, राजगडावर पद्मावतीचं. पण काही संरक्षित गडांवर रात्री थांबायला मनाई असते, ती आधी विचारून घ्या. जंगलात तर प्रश्नच नाही. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० पासूनच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत खाली यायचं. दाजीपूरलाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. रानात अंधारात गव्याच्या वाटेवर झोपण्यात शौर्य नाही, राव.

आता देण्याघेण्याचं. पैसे पुढं केले तर बहुतेकजण मागं सरतात, आजीबाई तर रागावतात. देवळात झोपलात तर दानपेटीत टाका. घरी जेवलात तर पोचल्या पोचल्या, चूल पेटायच्या आधी, पिशवीतले तांदूळ, डाळ, चहापूड, साखर काढून द्या. निघताना दिलं तर परत करतात, आधी दिलं की भांड्यात जातं. गुरवाचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी आदल्या दिवशी फोन केलात तर पत्रा गळतोय का, वाटेतल्या ओढ्याला पाणी किती, हे तोच सांगेल.