चौपाटीवरचा बाक

श्रोतेहो, नमस्कार.

सीएसएमटीच्या मागून, गोदीच्या कडेकडेने पी. डिमेलो रोड जातो. त्या रस्त्याने मी कित्येक वर्षं कामाला गेलो. प्लॅसिड डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी. त्यांच्या हाताखाली मंगळूरचा एक तरुण घडला, जॉर्ज फर्नांडिस.

पाद्री होण्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडून जॉर्ज १९४९ साली मुंबईत आले. ओळख नाही, खोली नाही. चौपाटीच्या बाकावर झोपायचे. मध्यरात्री पोलीस येऊन उठवायचा. उठायचं, पुढे सरकायचं. कशीबशी प्रूफं तपासायची नोकरी लागली. मग गोदी कामगार, टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार अशी माणसं जोडत गेले. १९६१ मध्ये नगरसेवक झाले. टॅक्सीवाल्याला बँक दारात उभं करत नव्हती, तेव्हा कामगारांची सहकारी बँक काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मला जॉर्जचं मोठेपण त्या बँकेत दिसतं.

आणि १९६७! समोर स. का. पाटील. तीनदा महापौर, केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे. जॉर्जच्या माणसांनी लोकांना एवढंच सांगितलं, ‘पाटलांना तुम्ही पाडू शकता.’ मागितलं काहीच नाही, मतदाराला त्याची ताकद दाखवली. पाटील पडले. छत्तीस वर्षांचा कामगार पुढारी दक्षिण मुंबईचा खासदार म्हणून दिल्लीला निघाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९७४ चा रेल्वे संप, आणीबाणीतला तुरुंगवास, १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरची निवडणूक जिंकणं, बऱ्याच वर्षांनी संरक्षणमंत्रिपद. १९७९ मध्ये मात्र लोकसभेत मोरारजी सरकारची तडफेने बाजू मांडून त्यांनी लगेच ते सरकार सोडलं. ते मला आजही पटत नाही.

पण १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी कोकण रेल्वे मनावर घेतली. अर्थमंत्री मधु दंडवते, म्हणजे आपल्या राजापूरचे खासदार, सोबत होते. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला.

गणपतीला गावी जाताना रोहा मागे पडलं, की मी खिडकीशी सरकून बसतो. माझं स्टेशन येतं, मी पिशव्या घेऊन उतरतो. गाडी पुढे मंगळूरकडे निघून जाते, जॉर्जच्या गावाला.