टेप मधोमध धरा

श्रोतेहो, नमस्कार. हायस्कुलात माझ्या शेजारी, एकाच बाकावर बसणारा माझा वर्गमित्र गेल्या महिन्यात वारला. त्याच्या दहाव्याला मी माणदेशातल्या आमच्या गावी जाऊन आलो आणि आज त्याच्याविषयीच बोलणार आहे. त्याचे नाव मात्र सांगत नाही, कारण चारचौघांत आपले नाव घेतलेले त्याला कधीच रुचत नसे.

१९७२ सालचा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांनी सोसला आहे, आणि ज्यांनी सोसला नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सुकडी आणि मिलो हे दोन शब्द नक्कीच ऐकले असतील. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटले जाणारे कोरडे पौष्टिक खाणे. परदेशातून आलेल्या त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीला आपल्या ज्वारीची चव नव्हती, तरी तिचा तुकडासुद्धा कोणी टाकत नसे. आज लग्नाच्या पंगतीत भरलेली पाने तशीच उठताना पाहिली की मला अजूनही घास गिळवत नाही. गावोगावी पाझर तलावांची, बंडिंगची म्हणजे शेतांना बांध घालण्याची, रस्त्यांची कामे निघाली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात महाराष्ट्रात आकार घेत होती.

१९७३ च्या मार्चमध्ये आम्ही दहावीत होतो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. सकाळची शाळा सुटली की माझा मित्र दप्तर घेऊनच म्हसवडच्या वाटेवरच्या कामावर जाई आणि आईबरोबर खडी फोडायला बसे. मजुरी दिवसावर नव्हती, ती फोडलेल्या खडीच्या मापावर होती. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हा हिशेब तिथल्या निरक्षर बायकांनाही तोंडपाठ होता. पण ढिगाला टेप लावणारा हात मुकादमाचा होता.

एका दुपारी मुकादम माप घेत असताना हा पोरगा बघत उभा राहिला. ढीग बुडाशी १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, उंची १ फूट. मात्र खडीचा ढीग वर निमुळता होत जातो, म्हणून त्याचा माथा ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद. मुकादमाने टेप माथ्यावर धरली आणि २४ घनफूट असे लिहून घेतले. याने जमिनीवर बसून खड्याने आकृती काढली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मामा, टेप मधोमध धरा. मध्यावर लांबी ९ आणि रुंदी ४ भरते. ३६ होतात." चोवीस नव्हे, श्रोतेहो, छत्तीस. प्रत्येक ढिगामागे एक तृतीयांश घाम कोणाच्याच खात्यावर चढत नव्हता.

मुकादम संतापला आणि त्याने त्याला कामावरून हाकलण्याची धमकी दिली. मी तिथेच होतो, दप्तर छातीशी धरून उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो मात्र हलला नाही. थोड्या वेळाने तपासणीला आलेले साहेब जीपमधून उतरले. त्यांनी ती आकृती वाकून पाहिली, बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी स्वतः टेप हातात घेऊन मध्यावर धरली. त्या दिवसापासून त्या रस्त्यावरचे प्रत्येक माप मधोमध घेतले गेले.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा उमगली, म्हणून ती मुद्दाम सांगतो. ज्या ढिगासाठी तो बोलला, तो त्याच्या आईचा नव्हता. आईचा ढीग चार पावलांवर होता. तो सोडून त्याने शेजारच्या एका तरुण विधवेच्या ढिगापाशी तोंड उघडले, कारण आपल्याच घरच्या मजुरीसाठी भांडतो असे कोणी म्हणू नये.

घनफळाचा तो धडा गुरुजींनी आम्हा दोघांना एकाच आठवड्यात, एकाच फळ्यावर शिकवला होता. परीक्षेत मला त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. गणित फळ्यावरून उचलून शेतात, बांधावर, विहिरीच्या काठावर नेऊन शिकवले पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि ते त्याच दुपारी तयार झाले. मॅट्रिकनंतर मी पुण्याला आलो. तो गावातच राहिला आणि पुढे गवंडी झाला. आमची पत्रे विरळ होत गेली, आणि त्यात दोष माझा होता.

दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी माणसे पांगू लागली, तेव्हा काठी टेकत एक म्हातारी माझ्याजवळ आली. तिने मला ओळखले नाही. तिने फक्त विचारले, "तुमी त्याच्या साळंतलं का?" मी होय म्हणालो. ती म्हणाली, "माज्या खडीचं माप त्यानं बराबर करून दिलं हुतं."