गॅसची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. "गॅसच्या गोळ्यांचं एक पाकीट द्या" अशी मागणी हमखास कानावर येईल. कोणती गोळी, हे सांगावंही लागत नाही; पँटोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल समोर येतं. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सूचना छापलेली असते, पण ती वाचतंय कोण? आज बोलायचंय ते या गोळीबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे ही गोळी गॅसची नाहीच. पोट फुगलं, ढेकर अडकला, यावर तिचा फारसा उपयोग नाही. ती काम करते आम्लावर. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही गोळी बंद पाडते. पण गंमत अशी, की जे पंप चालू असतात तेवढेच तिच्या हाती लागतात. पंप सुरू होतात आपण खाल्ल्यावर, आणि गोळी रक्तात टिकते जेमतेम एक-दोन तास. म्हणून ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आपल्याकडे बरेच जण रात्रीचं जेवण उरकून, झोपताना घेतात आणि म्हणतात, औषध लागू पडत नाही. कसं पडणार?

ती चावू नका, कुटूही नका. आम्ल थांबवणारं हे औषध स्वतः मात्र आम्लात टिकत नाही, त्यामुळे त्यावर खास आवरण दिलेलं असतं. आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. मिसळ खाऊन आत्ता छातीत जळजळतंय, तर त्यासाठी साधं अँटासिडचं पातळ औषध बरं. तयार झालेलं आम्ल ते काही मिनिटांत मारतं. त्यातल्या मॅग्नेशियमनं जुलाब होतात, अ‍ॅल्युमिनियमनं मलावरोध. म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र घातलेले असतात. लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीबरोबर मात्र ते घेऊ नका, ती गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. मध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

या औषधांचे उपकार मोठे आहेत, हेही सांगायला हवं. जठराच्या अल्सरसाठी एकेकाळी सर्रास पोट उघडून शस्त्रक्रिया होत असे. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध आलं. त्यामागच्या संशोधनात वाटा असलेल्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच सुमाराला ओमेप्राझोल बाजारात आलं आणि त्या शस्त्रक्रिया विरळ झाल्या. तिकडे ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन सांगत होते, की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन टाकला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. तो जंतू सापडला तर आम्लाच्या गोळीबरोबर दोन प्रतिजैविकं, साधारण चौदा दिवस, घ्यावी लागतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत.

अडचण आहे ती वर्षानुवर्षं घेण्याची. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व मोकळं व्हायला आम्ल लागतं. ताटात मांस-अंडी नसणाऱ्यांमध्ये ते आधीच कमी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी घट. मग पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि त्याचा धागा या गोळीशी जोडावा हे कुणाला सुचत नाही.

"बंद केली की लगेच जळजळ सुरू होते, म्हणजे मला लागतेच ना?" हे मी फार ऐकतो. २००९ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२० धडधाकट माणसं घेतली, ज्यांना पोटाची काहीच तक्रार नव्हती. त्यातल्या काहींना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली. थांबवल्यावर त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना आम्लाचा त्रास झाला. दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं ते असं. म्हणून एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. पण अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीची औषधं चालू असणाऱ्या वयस्कर मंडळींनी, ज्यांना ती मुद्दाम दिली आहे, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ओमेप्राझोल टाळून पँटोप्राझोल देतात. तेव्हा दोन्ही सारखीच म्हणून दुकानदारानं बदलून दिलेली गोळी घेऊ नका.

आणखी एक. तुमच्या गोळीच्या नावापुढे 'डी' आहे का, पाहा. तो बहुतेकदा डोम्पेरिडोनचा, म्हणजे उलटी-मळमळीच्या औषधाचा असतो. त्यानं काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपात २०१४ पासून ते साधारण एक आठवड्यापलीकडे देऊ नये असं सांगितलं जातं. आपल्याकडे मात्र तेच महिनोन्‌महिने, मळमळ नसतानाही, चालतं. मला हे अजिबात पटत नाही.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, डांबरासारखी काळी शौच होत असेल, तर गोळी बदलत बसू नका, एंडोस्कोपीबद्दल विचारा. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, तेव्हा ती चालू असेल तर तेही सांगा. आणि छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरतंय, तर घरातलं कुणी "गॅस असेल, गोळी घे" म्हणालं तरी थांबू नका. १०८ ला फोन लावा आणि आधी ईसीजी काढून घ्या.